वरदाताईंचा ब्रेक

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या निम्म्या मराठी मंडळींना गाडी शिकवली ती वरदाताईंनी. शेजारच्या सीटवर बसून तोंडाचा पट्टा चालू आणि पाय शिकवणाऱ्याच्या जादा ब्रेकवर, हा त्यांचा शिरस्ता. विनाचालक गाड्यांचं नाव काढलं की त्या नाक मुरडायच्या. पण नव्या कायद्यातली अट वाचून त्या ताडकन उठल्या: अशा गाडीनं सावध, कुशल माणसाइतकं सुरक्षित चाललंच पाहिजे.

"अगं, म्हणजे हिलाही टेस्ट आली! चल, मीच घेते," त्या ईशिताला म्हणाल्या. ही त्यांची लेक, स्वतः तिसऱ्या खेपेला पास झालेली.

दोघी लंडनमध्ये चाचणीसाठी फिरणाऱ्या एका विनाचालक गाडीत बसल्या. चालकाची सीट रिकामी, स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय आणि ताई शेजारून दटावतायत, "आरसा बघ! स्पीड कमी!"

तेवढ्यात उभ्या व्हॅनमागून एक चेंडू टप्पे खात रस्त्यावर आला. ताईंनी करकचून पाय दाबला. गाडी थांबली आणि मग चेंडूमागून एक चिमुरडी धावत आली.

"बघितलंस? वेळेवर ब्रेक मारला मी!"

मागच्या सीटवरून ईशिता म्हणाली, "आई, तुझ्याकडे ब्रेक नाहीये."

ताईंनी खाली पाहिलं. पायाखाली नुसती मॅट होती. रिकाम्या सीटवर थाप मारत त्या आनंदानं ओरडल्या, "पास! पहिल्याच खेपेला! शीक जरा, ईशू!"