मी पुसलेली वाट

सरांनी माझा प्लॅन दोन बोटांत धरला आणि शेठना दाखवून हसले.

"बघा शेठ, आमच्या मॅडमना बंगला बांधायचाय."

बंगला नव्हता तो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आत, पुढं छोटी पडवी. विचुंब्याच्या पुढं आमचं गाव, गावाच्या बाहेर बौद्धवाडी, वाडीच्या टोकाला आईच्या नावचे दोन गुंठे. तिथं घर बांधायची परवानगी मला काढायची होती. हा अर्ज आपल्याला स्वतः भरता येत नाही. लायसनवाल्या आर्किटेक्टच्या लॉगिनमधूनच तो जातो, त्याची सही लागते. पनवेलमध्ये ज्या आर्किटेक्टकडं मी अकरा वर्षं नकाशे काढत होते, त्या सरांकडंच मी सही मागितली. एवढाच माझा गुन्हा.

ऑफिसात आमच्या गावचे शेठ होते. सुकापूरला घर बांधणारे एक नवरा-बायको होते. सगळ्यांसमोर सर म्हणाले, "तुमच्या वाडीत कोण परवानगी घेतं गं? चार पत्रे टाक, वर दगड ठेव. झालं घर."

शेठ खो खो हसले. नवरा-बायको मोबाईलमध्ये बघायला लागले. त्या बाईनं बेडरूमची खिडकी कुठं पाहिजे हे मला आदल्या दिवशी तासभर समजावलं होतं, ताई ताई करत. आता तिला मी दिसतच नव्हते.

मग सरांनी लाल पेन घेतलं. माझ्या प्लॅनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पोहोच रस्ता नाही.' म्हणाले, "रस्ता नसलेल्या प्लॉटला परवानगी मिळते होय? अकरा वर्षं इथं काय झोपा काढल्यास?" आणि कागद उलटा केला. त्याच्या कोऱ्या बाजूवर शेठना त्यांच्या नव्या गेटचं डिझाईन काढून दाखवायला लागले. माझ्या घराच्या पाठीवर. दोन खांब, वर कमान, कमानीवर दोन सिंह. शेठ म्हणाले, सिंह जरा मोठे करा.

मी तिथंच उभी. सर खोटं बोलत नव्हते. आमच्या प्लॉटला कागदावर रस्ता नव्हता. आणि तो का नव्हता, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तो मी पुसला होता.

नीट सांगते. आमच्या वाडीतून डांबरी रस्त्याला यायला एकच वाट. बैलगाडी जाईल एवढी रुंद, शेठच्या जमिनीच्या कडेनं. आजाच्या आधीपासूनची. पाऊस लागायच्या आत घरटी पाच घमेली मुरूम त्या वाटेवर टाकायचा, हा वाडीचा नियम. कुणी चुकलं तर संध्याकाळी चार बाया त्याच्या दारात, "काय रं, तुमी उडत जाता काय?" बाप घमेलं घेऊन पुढं, मी लहान पाटी घेऊन मागं. त्याच वाटेनं मी शाळेत गेले, आयटीआयला गेले. आई त्याच वाटेनं खारघरला बिगारी कामाला गेली, वीस-वीस मजल्यांच्या बिल्डिंगांची रेती डोक्यावरून वर नेली तिनं. बाप गेला तेव्हा खांद्यावरून त्याच वाटेनं गेला. दुसरी वाट नाल्यातून. पावसाळ्यात तिथं छातीएवढं पाणी असतं.

त्या दिवसाच्या आठ महिने आधी शेठनी त्या जमिनीवर बंगल्यांची स्कीम काढली. फाईल आमच्याकडं आली. मोजणीचा नकाशा माझ्या टेबलावर. कडेनं दोन तुटक रेषा, शेजारी शेजारी. नकाशात गाडीवाट अशीच दाखवतात.

मी म्हणाले, "सर, ही वाट आहे. आमच्या वाडीची. चाळीस घरं आहेत."

"सात-बाऱ्यावर नोंद आहे?"

"नाही."

"मग ती वाट नाही, सवय आहे. काढून टाक."

मी काढली. कॉम्प्युटरवर रेष पुसायला किती वेळ लागतो? क्लिक. इरेजचा ई. एंटर. दुसरी रेष. क्लिक. ई. एंटर. मग मी चहा प्यायले.

का पुसलीस, असं विचाराल. नोकरी जाईल ही भीती होती, पण तेवढंच नव्हतं. मी मॅडम होते. एसीत बसायचे. वाडीतली मी पहिली, जिच्या हातात घमेलं नव्हतं, माऊस होता. सरांनी सांगितलेलं काम नाही म्हणायचं म्हणजे परत वाडीची पोरगी व्हायचं, असं मला वाटायचं. आणि मनाला समजावलं, कागदावरून गेली म्हणून जमिनीवरून थोडीच जाते. लोक काय कागदावरून चालतात? अकरा वर्षं कागदाचं काम करून माझ्या डोक्यात एवढा उजेड पडला नव्हता. लाज वाटते. लिहितानाही वाटते.

मग जेसीबी आला. लोखंडी खांब ठोकले, तारा ओढल्या. वाटेपुरती फट ठेवली होती. आई म्हणायची, "शेट अजून जायाला देतंय." देतंय म्हणे! आमचीच वाट, आणि देतंय. मी ऐकून घेतलं. माझ्या प्लॅनच्या पाठीवर सर जे गेट काढत होते ना, ते त्या फटीवर बसणार होतं.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा आई जवळा निवडत होती.

आईला घर का पाहिजे होतं ते सांगते. मागं एकदा वाडीतली तीन घरं पाडली. परवानगीचा कागद दाखवा म्हणाले, कागद नव्हता. भांडी बाहेर, माणसं बाहेर. तेव्हापासून आईचं एकच टुमणं. "कागदाचं घर बांद, बाय. कोन हात लावनार नाय असं." दुसऱ्यांच्या घरांना आयुष्यभर विटा वाहिल्या तिनं, आणि वयाच्या साठीत परसाकडं अजून नाल्याच्या काठाला जाते. तिला आत संडास पाहिजे होता आणि कागद पाहिजे होता. बाकी काही मागितलं नव्हतं तिनं माझ्याकडं कधी.

मी म्हणाले, "आई, आपली वाट मी पुसलीय. नकाशातून."

"कोनी सांगितलं?"

"सरांनी."

"आनि तू पुसलीस."

"हो."

तिनं सूप खाली ठेवलं. "त्यासाटी शिकवली तुला?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची आणि बाहेर जाऊन बसायची. सरांनी केलेला अपमान मी कसाबसा गिळला होता, आईचं हे गिळता येईना. तिसऱ्या दिवशी मी ताटावर रडायला लागले तेव्हा बोलली, "रडतंस काय? रडून काय व्हनार हाय? जा, कागद आन. तुला कागदातलं कळतंय ना?"

या दोन दिवसांत मी कामाला जात होते. सर म्हणाले, "काय गं, राग आला काय? मस्करी केली." मी म्हणाले, "नाही सर." आणि हसले. त्या हसण्याचा मला आजही अभिमान आहे, आतलं काही त्यांना दिसू दिलं नाही.

सरांचा पासवर्ड मला पाठ होता. सगळे अर्ज मीच भरायचे, ते नुसती सही करायचे. मनात आलं, आपलाही अर्ज त्यात सरकवून द्यावा, त्यांना कळायच्या आत. दोनदा लॉगिन करून बंद केलं. चोरून घर बांधायचं तर पत्रे काय वाईट होते?

दुपारच्या सुट्टीत मी मोजणी ऑफिसात जायला लागले. गावनकाशाची शिक्क्याची नक्कल मागितली. डबा बाजूला, रांगेत उभी. पंधरा दिवसांनी नक्कल हातात आली. तिथंच बाकावर पसरली. दोन तुटक रेषा. वाडीपासून थेट डांबरी रस्त्यापर्यंत. आज ज्यांची वाट अडवायला निघालेत त्यांच्या आज्याच्या वेळचा कागद, आणि त्यावर आमची वाट ठसठशीत. बाकावर बसून मी मोठ्यानं हसले. शिपायाला वाटलं बाईचं डोकं फिरलं.

मग नोकरी सोडली. शेठच्या स्कीमला हरकत घेतली. वाडीतल्या चाळीस घरांच्या सह्या आणि अंगठे घेतले. अर्जाच्या शेवटी मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सदर गाडीवाट प्रस्तावाच्या नकाशातून मी स्वतः, माझ्या मालकांच्या सांगण्यावरून काढून टाकली आहे.' खाली माझं नाव, सही. अर्ज घेणारे म्हातारे क्लार्क वाचून म्हणाले, "बाई, हे शेवटचं वाक्य काढा. तुम्हीच अडकाल."

मी म्हटलं, "असू दे. मी अडकले तर एकटी नाही अडकणार."

चौथ्या दिवशी सरांचा फोन. "तुला पनवेलमध्ये कोणी दारात उभं करणार नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?" मी म्हणाले, "वासे मोजायचंच काम दिलं होतं सर तुम्ही मला." आणि फोन ठेवला.

सुनावणीच्या दिवशी आई सोबत आली. नवी साडी नेसून. बाहेरच्या व्हरांड्यात शेठ आणि सर उभे होते. शेठ एकदम गोड.

"अगं बाय, तू आमच्या गावची पोरगी. तुज्या घरापुरती वाट मी लिवून देतो. स्टँपवर देतो. तू, तुजी आई, तुमी बिनधास्त जा-ये करा. पन बाकीची गर्दी नको. उद्या बंगलेवाले येनार, त्यांच्या दारातून..."

वाडीची माणसं जाणार, एवढंच सांगायचं राहिलं.

सरांनी बाकावर लॅपटॉप उघडला. माझाच प्लॅन होता त्यात. अर्ज भरून तयार. "बस एक क्लिक. आत्ता पाठवतो. महिन्याभरात परवानगी तुझ्या हातात."

खोटं कशाला बोलू? मला घर दिसलं. पडवी दिसली. पावसात छत्री घेऊन नाल्याकडं न जाणारी आई दिसली. मी आईकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत होती. हे माझं मला ठरवू द्यायचं होतं तिला. बरोबरच होतं.

मी विचारलं, "आणि बाकीची एकोणचाळीस घरं?"

सर म्हणाले, "त्यांचं तुला काय पडलंय? तू तर शिकलीस. तू आता त्यांच्यातली नाहीस."

तळपायाची आग मस्तकात गेली. हेच, अगदी हेच अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले होते. यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं की हे वाक्य माझं कधी नव्हतंच. यांनी ते माझ्या डोक्यात घातलं होतं, आणि पगाराबरोबर मी ते घरी नेत होते. मी लॅपटॉपचं झाकण लावलं. सरांची बोटं मधे होती. काढून घेतली त्यांनी पटकन.

"तुमच्या सहीचं घर मला नको," मी म्हणाले.

आत सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. गावनकाशा आणि आमच्या ऑफिसातून गेलेला स्कीमचा. विचारलं, "ह्या रेषा इथं नाहीत. कोणी काढून टाकल्या?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

मी सरांकडं बोट दाखवलं. अकरा वर्षं ज्याला सर सर म्हणत होते त्याच्याकडं सरळ बोट. खाली घेतलं नाही. सर ओरडले, "खोटं बोलतेय ही! साहेब, ह्या असल्या लोकांना..." साहेब म्हणाले, "बोला ना. कसल्या?" सरांनी रुमाल काढून तोंड पुसलं. ते तोंड मी डोळे भरून बघितलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. कुणाला हे वाईट वाटत असेल तर वाटू दे.

वाटेचा निकाल लागेपर्यंत स्कीमची परवानगी थांबली. तारा वाडीतल्या बायांनी काढून शेठच्या आवारात नेऊन टाकल्या, गुंडाळी करून, व्यवस्थित. पण आमची परवानगीही अजून नाही. वाटेची नोंद होत नाही तोवर माझाही प्लॉट बिनरस्त्याचाच. पनवेलमधल्या कुठल्याही आर्किटेक्टनं मला कामावर घेतलेलं नाही. चौघांनी तोंडावर सांगितलं, "तू उद्या आमच्याकडंही बोट दाखवशील." मी म्हणाले, पुसायला सांगितलंत तर दाखवीनच. माझ्यावरही चौकशी लागलीय. लागू दे.

सरांच्या लायसनविरुद्ध तक्रार दिली आहे. त्यांना वाटतं, एकाच फाईलची आहे. तिथंच चुकलंय त्यांचं. अकरा वर्षांत त्यांच्या सांगण्यावरून मी सात वाटा पुसल्या. एक कातकरीवाडीची, पाण्यावर जाणारी. एक मसणवट्याची. एका गावात तर आख्खा नाला सरकवला. सगळं आठवतं, गट नंबरासकट.

गेल्या रविवारी कातकरीवाडीत गेले. एका म्हातारीला सांगितलं, तुमची वाट मी पुसलीय. तिनं मला आईवरून शिवी घातली. मी ऐकून घेतली, तिचा हक्क होता. मग आम्ही तिच्या अंगणात बसून गावनकाशा उघडला आणि हरकतीवर पहिला अंगठा तिनंच दिला. अजून पाच गावं राहिली आहेत. मी सगळीकडं जाणार. प्रत्येक अर्जात माझं नाव असेल आणि माझ्या नावाच्या खाली सरांचं.

जाऊ दे, सोडून दे, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. सरांची बायको येऊन गेली, मुलांच्या शिक्षणाचं सांगून रडली. मी पाणी दिलं. माफी दिली नाही. त्यांचं लायसन रद्द झाल्याचा कागद बघितल्याशिवाय मी माझ्या घराचा पाया खणणार नाही. उद्या वाटेची नोंद झाली, परवानगी हातात आली, तरी नाही.

हे ठरवण्याआधी आईला विचारलं. घर तिचं आहे, आणि तिच्याकडं किती वर्षं आहेत मला माहीत नाही. ती चुलीपुढं बसली होती. तिनं एक लाकूड आत सरकवलं.

मग म्हणाली, "थांबू."