रिकामा फ्लॅश

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, आणि आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे — ते मलाही नीट कळत नाही.

आमच्या भिंतीवर काही काळेपांढरे फोटो आहेत. घरी येणारा माणूस त्यांच्यासमोर थांबतोच. पवनीच्या जुन्या तटाला टेकून बसलेली बहीण. एसटीच्या खिडकीच्या गजावर आईचा हात, बांगड्यांसकट. आणि सांचीच्या तोरणाखाली आई — कुणाकडे तरी बघत, तोंडाला पदर लावून हसणारी. माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो हाच. ती बाबांकडे बघते आहे. बाबा फोटोत नाहीत. एकाही फोटोत नाहीत.

पण आधी बाबांबद्दल सांगू द्या. करडी गावात आमची थोडी धानाची शेती. मळणी आटोपली की गावातले लोक पाव्हण्यांकडे जायचे, बाबा आम्हाला प्रवासाला न्यायचे. दरवर्षी. लेकरानं पाहाले पाहिजे, म्हणायचे. स्वतः फार शिकलेले नव्हते, पण कुठल्याही जुन्या जागेवरची पाटी मोठ्यानं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे — आम्ही कंटाळून पुढं गेलो तरी. पवनीला स्तूपाच्या उघड्या पडलेल्या विटांवर त्यांनी तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. "एवढ्या जुन्या इटा, बाबू," मला म्हणाले, "आन् अजून गरम लागून राहिल्या." असा माणूस मी नंतर कुठं पाहिला? नाही पाहिला.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराला मी मोहाडीत एका लग्नाच्या फोटोग्राफरच्या हाताखाली होतो. त्याच्याकडे मी पहिली गोष्ट शिकलो ती ही — मांडवात प्रत्येक पाव्हणा म्हणतो, आमचाही एक काढ ना भाऊ. सगळ्यांसाठी रोल कुठून पुरणार? मग नुसता फ्लॅश मारायचा. फ्लॅशच्या पाठीमागं तो तपासायचं बारीक बटण असतं. ते दाबलं की उजेड पडतो, रोल जागचा हलत नाही, पाव्हणा खूश होऊन जेवायला जातो. याला आम्ही रिकामा फ्लॅश म्हणायचो. आणि हसायचो.

पुढं मी एक जुना कॅमेरा घेतला, वर तसाच फ्लॅश. नागपूरच्या दोन-चार मित्रांच्या नादानं काळापांढरा रोल वापरू लागलो. रंगीत म्हणजे लग्नाचं, काळंपांढरं म्हणजे कला — असं आमचं चाललं होतं. माणसानं कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, हा नियम. आणि बाबा? कॅमेरा दिसला की शर्टाचं वरचं बटण लावायचे, हात मांड्यांना चिकटवायचे, झेंडावंदनाला उभे राहिल्यासारखे. मग आईला हाक. "अवो, ये ना इकडे. दोघायचा एक होऊ दे." त्यांच्या लग्नात फोटो निघाला नव्हता. दोघांचा एकत्र असा एकही फोटो नव्हता — आणि हे मला माहीत होतं.

मला लाज वाटली. तो फोटो मित्रांनी रोलमध्ये पाहिला तर काय म्हणतील, याची. म्हणून पवनीला मी माझ्या आईबापांना रिकामा फ्लॅश मारला.

घरी आल्यावर बाबांनी फोटो मागितला. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "तुम्ही हालले, बाबा. खराब झाला."

ते ओशाळले. माझ्यावर चिडले असते तर — नाही, ते राहू द्या. दुसऱ्या दिवसापासून ते अंगणात हात खाली सोडून, डोळे न मिटता उभं राहायची सवय करू लागले. शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, "काहून गा, चोर येऊन राहिले का? पहारा देऊन राहिला तू?" बाबा ओठ न हलवता म्हणाले, "फोटो काढून राहिलो."

पुढच्या वर्षी सांचीला गेलो. तोरणावर तिरपं ऊन आलं होतं, रोल संपत आला होता. बाबांनी तोंड धुतलं, भांग पाडला, आईला शेजारी उभं केलं आणि श्वास रोखला. मानेच्या शिरा ताणलेल्या मला लेन्समधून स्पष्ट दिसत होत्या. इतकं स्थिर उभं राहिलेलं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. मी बटण दाबलं — तेच, मागचं. त्यांनी श्वास सोडला, बाजूला होऊन आईला काहीतरी चिडवलं, ती हसली. तेव्हा मात्र मी खरा फोटो काढला. तो भिंतीवरचा.

"या डाव हाललो नाई ना मी?" त्यांनी विचारलं. घरी आल्यावर मी पुन्हा तेच सांगितलं. हालले. ते हसले. म्हणाले, माह्या अंगात पाराच हाये. आईला म्हणाले, तू राहून गेली माह्यापायी.

पुढच्या मळणीआधी बाबा गेले. मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात नाकडोळेही धड दिसत नाहीत.

आई आता थकली आहे. माझी मुलं त्या फोटोंसमोर उभी राहिली की ती त्यांना आज्याच्या गोष्टी सांगते — पाट्या वाचायचा, विटांना हात लावायचा, सगळ्या. फार कौतुकानं सांगते. आणि शेवटी म्हणते, "मोठा गुणाचा माणूस, पण घडीभर उभं राहाले जमे नाई त्याले. म्हणून तर आमचा दोघायचा फोटो नाई."

मुलं माझ्याकडे वळून विचारतात, खरंच का हो पप्पा?

मी हो म्हणतो.