आईंच्या गावाला एक मुक्काम

गेल्या आठवड्यात आमचे दादा, म्हणजे माझे सासरे, चक्क म्हणाले, "चला, दोन दिवस कुठंतरी जाऊन येऊ." मी हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे बघतच राहिले...

कारण हे दिवस म्हणजे आमच्या डिंगोऱ्याच्या घरी नुसती धांदल. थंडी सरली की घरामागच्या चार गुंठ्यांत काकडी, दोडका, कारली टोचायची, वेलांना मांडव घालायचा, मोगऱ्याची आळी मोकळी करून शेणखत टाकायचं. मी जुन्नरला शाळेत शिकवते. सकाळी निघण्याआधी तासभर आणि आल्यावर दिवस बुडेपर्यंत दादा आणि मी मातीतच असतो.

बाग खरं तर आईंची, माझ्या सासूबाईंची. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली... तेव्हापासून दादा एक दिवससुद्धा ती सोडून कुठे गेले नव्हते.

"कुठं जायचं दादा?" मी विचारलं.

"तुझ्या सासूच्या गावाला," ते म्हणाले, आणि पुन्हा खाली वाकून तण काढायला लागले.

आईंचं माहेर घोडेगावच्या पुढे, पार वर डोंगरात. त्यांचे आईवडील लवकर गेले, भाऊ कामाला मुंबईला गेला, घर पडलं... जाणं-येणं थांबलं ते थांबलंच. दरवर्षी याच दिवसांत त्या म्हणायच्या, एकदा माझ्या गावाला मुक्कामी जाऊ. दादा म्हणायचे, एवढी लागवड उरकू दे. लागवड उरकायची, मग भाजीचे तोडे सुरू व्हायचे, मग पाऊस यायचा...

शेजारच्या काकूंना पाण्याचं सांगितलं आणि शनिवारी सकाळी निघालो. दादा, मी, माझा नवरा आणि आमची सई. त्या गावात एका घरी राहण्याजेवण्याची सोय होते, असं नवऱ्याने फोनवर ठरवलं होतं.

घोडेगाव मागे पडलं आणि रस्ता चढायला लागला. खाली धरणाचं निळं पाणी, वर पांगारा नुसता लालभडक फुललेला... दादा खिडकीतून बघत होते.

दुपारी त्या घरी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं जेवून आम्ही अंगणातल्या हिरड्याच्या झाडाखाली आडवे झालो. फोनला रेंज नाही, कुणाची घाई नाही. कितीतरी वर्षांनी मी दुपारी अशी गाढ झोपले.

जाग आली तर दादा खाटेवर नव्हते. घराच्या मागे गेले, तर हे तिथे एका केळीला आळं करत बसलेले! घरच्या आजी, हिराबाई, चहाचे कप घेऊन बाजूला उभ्या... हसत होत्या.

"राहू द्या वो पावणं, तुमी इश्रांतीला आलाय. गाव कंचं तुमचं?"

"डिंगोरं."

"आमच्या गावची येक पोर दिलीया तिथं. लई वर्सं झाली."

दादांचा हात थांबला. त्यांनी आईंचं नाव सांगितलं, सुशीला. हिराबाईंनी नाही म्हणून मान हलवली. मग दादांनी आईंच्या वडिलांचं नाव सांगितलं... आणि हिराबाई कप घेऊन मटकन पायरीवरच बसल्या.

"आगं बाई! म्हंजी भिंगरी! सुशीला तुमी ठिवलेलं नाव. आमची ती भिंगरीच व्हती."

आई आता नाहीत हे मीच सांगितलं. हिराबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मग दादांनी हळूच विचारलं, "भिंगरी का म्हनायचं?"

"येका जागी बसतीय व्हय ती! आन शिट्टी काय वाजवायची म्हाराजा... दोन बोटं तोंडात घातली की पल्याडच्या डोंगरावरची गुरं माघारी वळायची. आमाला कुनालाच तशी येत न्हवती."

"शिट्टी?" दादा म्हणाले. "आमच्याकडं कधी न्हाई वाजवली. बेचाळीस वर्सांत... येकदा बी न्हाई."

"सासरी कशी वाजवंल वो ती?" हिराबाई सहज बोलून गेल्या.

दादांनी हातातली माती झटकली. त्यांच्याजवळ, खालच्या पायरीवर जाऊन बसले. माझ्या सासऱ्यांना मी आजवर कुणाकडे काही मागताना पाहिलेलं नाही. पण त्या संध्याकाळी ते म्हणाले, "अजून सांगा."

हिराबाई सांगत राहिल्या. मोहोळ काढताना आईंचा सुजलेला डोळा, ओढ्यात फुटलेली घागर, लग्नाच्या आदल्या दिवशी कुणालाही न सांगता वरच्या कड्यावर जाऊन बसलेली ती पोर... सईने मध्येच विचारलं, "आजी, ती शिट्टी कशी होती?" हिराबाईंनी लाजत दोन बोटं तोंडात घातली. दात नाहीत, नुसतीच हवा निघाली. तिसऱ्या वेळी बारीकशी आली... आणि आमचे दादा हसले, आणि हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच वरच्या कड्यापर्यंत जाऊन आले. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "दोन दिसांचा तर प्रश्न व्हता गं पोरी..."

चौदा वर्षं मी आईंबरोबर एकाच चुलीवर स्वयंपाक केला. त्यांना चहा किती गोड लागतो, कोणत्या कुशीवर झोपलं की गुडघा दुखतो, सगळं मला ठाऊक होतं. पण तुम्ही लहानपणी कशा होतात, हे त्यांना विचारायचं कधी सुचलंच नाही.

हिराबाई, तुमच्यामुळे आम्हाला त्या थोड्या तरी मिळाल्या... आता भाजी निवडताना मध्येच हात थांबतो. वाटतं, एकदा, फक्त एकदा, त्यांनी आमच्या अंगणात मोठ्याने शिट्टी मारावी.