डिग्रीमावशीचं शून्य

आमच्या घरात डिग्री नसलेली एकटी मावशीच. पण गल्लीत तिलाच डिग्रीमावशी म्हणतात. शर्यतीच्या दुचाकींची टू-स्ट्रोक इंजिनं ती तपासते. क्रँकच्या टोकाला अंश कोरलेली पत्र्याची तबकडी बसवते आणि धूर बाहेर पडायचं पोर्ट नेमकं कोणत्या अंशाला उघडतं ते बघते. नव्वदच्या आधी उघडलं, तर इंजिन बाद. तिची सही झाल्याशिवाय सील लागत नाही. दाराच्या फटीची जाडी मोजून मग सुताराशी भांडणारी बाई ती. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवेल हे शक्यच नव्हतं.

काका गेल्यापासून वर्कशॉप ती आणि तिचा धाकटा दीर मिळून चालवतात. त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने पोर्ट वरच्या अंगाला जरासं घासून मागितलं होतं, म्हणजे ते लवकर उघडेल आणि गाडी जास्त पळेल. मावशीने इंजिन तपासणीला ठेवून घेतलं आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस फाटकाशी भावजींच्या कानाला लागलेला तिला दिसला. आणि शुक्रवारी सकाळी काम घट्ट पकडून धरायच्या व्हाइसखाली लोखंडाचा कीस. झाडून घेतलेला, पण भिंतीच्या कडेला राहून गेलेला.

"हात फार घासून धुता हल्ली, भावजी," ती म्हणाली.

ते टॉवेल घेऊन पलीकडे गेले.

मावशीने मनाशी ठरवलं, पोर्ट घासलेलं निघालं तर हा माणूस पुन्हा या दारात नको. तिने त्या गिऱ्हाइकाचं इंजिन पुढ्यात ओढलं.

तबकडीचं शून्य लावायचं तर पिस्टन सगळ्यात वर कधी येतो ते कळावं लागतं, आणि तिथेच तो फसवतो. वर पोचला की क्षणभर थांबल्यासारखा दिसतो. तबकडी चार-पाच अंश सरकते, हा जागचा हलत नाही. म्हणून मावशी प्लगच्या भोकात एक बोल्ट फिरवून बसवते, क्रँक एकदा सुलट, एकदा उलट फिरवून पिस्टन त्याला टेकवते आणि दोन्ही आकड्यांच्या बरोबर मधला अंश धरते. त्या बोल्टला ती अडसर म्हणते. त्या दिवशी अडसर खणात नव्हता. तोही यांनीच लपवला, मोजता येऊ नये म्हणून, असं मनाशी म्हणत तिने शून्य नजरेने धरलं.

पिस्टन खाली येऊ लागला. त्याच्या कडेवर उजेडाची बारीक रेघ उमटली, म्हणजे पोर्ट उघडलं, तेव्हा काटा शहाऐंशीवर होता. तिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा शहाऐंशी.

तिने आवाज चढवला नाही. भावजींना आकडा सांगितला आणि वर्कशॉपची किल्ली मागितली. भावजींनी ती टेबलावर ठेवली, चपला घातल्या. दारात मात्र थांबले.

"वहिनी, बंद होताना किती आलं?"

मावशीचा हात तबकडीवरच राहिला. पोर्ट घासलेलं असेल तर ते जितकं लवकर उघडेल तितकंच उशिरा बंद होणार. दोन्हीकडचा आकडा एकच यायला हवा. हे भावजींना शिकवलं होतं तिनेच. तिने तबकडी पुढे फिरवली. पोर्ट मिटल्यापासून काटा शून्यावर येईपर्यंत चौऱ्याण्णव अंश भरले. शहाऐंशी आणि चौऱ्याण्णव. मधोमध नव्वद. पोर्ट जागेवर होतं. सरकलं होतं तिचं शून्य.

"मग कीस कसला?" तिने विचारलं, अजून संशयानेच.

भावजींनी खिशातून चकचकीत नवा अडसर काढला. जुना त्यांच्या हातून मोडला होता. बोलणी बसतील म्हणून दोन दिवस चोरून नवा घासत होते. आणि ते गिऱ्हाईक? त्याला त्यांनीही वाटेला लावलं होतं.

मावशीने अडसर उजेडात धरला, टोकावर अंगठा फिरवला.

"टोक गोल करा अजून. पिस्टनवर ओरखडा पडेल."

त्यांनी चपला काढल्या आणि कानस उचलली. किल्ली दुपारपर्यंत टेबलावरच होती. मग तिनेच ती त्यांच्या शर्टाच्या खिशात टाकली, आणि नव्या अडसराने पोर्ट दोन्हीकडून पुन्हा मोजायला बसली.