लाल ओढणी

पेटीतले कपडे उन्हात घालताना तळातून लाल ओढणी निघाली. माझी नव्हे, मी विधवा, लाल वापरत नाही. माझा मुलगा लग्नाआधीचे फोटो काढायचा आणि नवरानवरीला नेण्याआधी जागा बघायला मला मोटारसायकलवर बसवून हिंडायचा. एके दिवशी मानवतच्या पुढे एका कापसाच्या रानात थांबलो. बोंडं फुटून रान पांढरं झालं होतं, ऊन कललं होतं. नवरीच्या फोटोसाठी घेतलेली हीच ओढणी त्यानं पुढे केली. "माय, ही डोक्यावर घे अन् नवरीच्या जागी उभी राहा. पांढऱ्यात लाल कसं दिसायलंय बघतो." "येड्या, रांडक्या बाईला नवरी करायलास का?" "लय छान दिसायलीस. हलू नको." मग त्यानं फोटो दाखवला. मी ओढणीत उभी, आणि कॅमेरा धरलेली त्याची लांब सावली थेट माझ्या पायापर्यंत आलेली. "सावली पडली, पण राहू दे. मला आवडला." मला मात्र गावातली तोंडं दिसली. "पूस आधी. कुणी बघितलं तर तोंडात शेण घालतील." तो हसला आणि माझ्यासमोर फोटो पुसला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच मोटारसायकलवर टिप्परखाली गेला. भिंतीवर लावायला त्याचा धड एक फोटो सापडला नाही. जन्मभर दुसऱ्यांचेच काढले. आधार कार्डावरचा मोठा करून लावलाय, तो त्याच्यासारखा दिसत नाही. आज ती ओढणी डोक्यावर घेऊन अंगणात उभी राहिले. शेजारीण टक लावून बघत होती. बघू दे.