व्याह्यांचं मशीन आणि माझा पंचा

दोन हजार चोवीस साल, माझं वय बहात्तर. एवढ्या वयात लय माणसं पाहिली, पण चालू वस्तू बंद पाडून पुन्हा तीच दुरुस्त करायला बसणारा माणूस आमच्या व्याह्यांशिवाय दुसरा पाहिला नाही. व्याही म्हणजे सुनेचे वडील. अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण कारखाना काही त्यांच्या अंगातून निघाला नाही. पंख्याला जरा आवाज आला की भरल्या ताटावरून उठून स्टुलावर चढतात. आमची दारावरची बेल त्यांनी दुरुस्त केली, तेव्हापासून ती दाबली की स्वयंपाकघरातला दिवा लागतो. वर मलाच म्हणतात, "व्याहीबुवा, दिवा लागतोय म्हणजे करंट येतोय. अर्धं काम झालं!"

मी चौथी शिकलेला, सायखेड्याकडं उभा जन्म झेंडू पिकवला. मला कळतं ते कळतं. नातू झाला तो ऐन पावसाळ्यात. दुपटी-लंगोट वाळेनात. मी म्हणालो, शेगडी पेटवा, टोपली पालथी घाला, वर कपडे टाका. कोण ऐकतो! व्याह्यांनी कपडे वाळवायचं मशीन आणलं. जागा होती माझ्या खोलीत, खिडकीपाशी. मी साफ सांगितलं, "हे धूड माझ्या उंबऱ्याच्या आत आलं, तर मी सायखेड्याची एसटी धरीन." मग ते गेलं गॅलरीत. गरम हवेची नळी आखूड, ती ग्रिलमधल्या तुळशीच्या कुंडीपाशीच सोडावी लागली.

आधी बरं चाललं. मग दुपार उलटली तरी लंगोट ओलेच. पोर शिंकायला लागलं, सून रडकुंडीला आली. व्याही रोज येऊन मशीनपुढं मांडी घालून बसायचे. जाळी काढायची, तिच्यावरचा कापसासारखा भुगा बोटानं गोळा करायचा आणि "देवाला वाती होतील" म्हणून खिशात घालायचा. कधी म्हणायचे कपडे कमी घाला, कधी म्हणायचे जास्त पिळा. एक दिवस म्हणाले, "दोष नाशिकच्या हवेचा आहे." मी भडकलोच. "नाशिकच्या हवेला नावं ठेवू नका! मशीन भिकार हाय म्हणा. ती नळी तरी बघितली का?"

"नळी बघितलीय मी," म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

त्या संध्याकाळी घरात एक दुपटं कोरडं राहिलं नाही. माझं डोकं फिरलं. नळी उपटून फेकायची म्हणून हात घातला, तर तिच्या तोंडाला पंचा, चौपदरी, सुतळीनं आवळलेला. आणि पंचा माझा! आठवडाभर मी त्याच्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं.

"व्याही! हे कुणाचं काम?"

"माझंच. वाफेनं तुळस जळायला लागली होती."

"मग कुंडी सरकवायची! अक्कल हाय का नाय?"

"ती नाही सरकवत, व्याहीबुवा. डोहाळजेवणाला आली होती तेव्हा हिनं लावलीय. म्हणाली, इथं सकाळचं ऊन येतं, हलवू नका."

त्यानंतर महिन्याभरात त्यांची बायको गेली. नातू तिनं पाहिला नाही.

"आणि लेकराचे लंगोट?"

"म्हणून तर रोज येत होतो. दुसरं काही करून वाळतात का ते बघायला."

तरी मी बोलायचं ते बोललोच. त्यांनी पंचा सोडला, नीट घडी करून माझ्या हातात दिला. "उद्या मशीन परत नेतो," म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी बाहेर सोडायला मी माझ्या खिडकीची एक काच काढली. मशीन ओढायला लागलो, तर मुलगा म्हणाला, "आबा, मग एसटीचं काय?"

"काच तडकलीच होती. बघतोस काय, धर तिकडून!"

मग तुळशीचे जळके शेंडे खुडले, म्हणजे नवा फुटवा येतो. आणि व्याह्यांना फोन लावला. म्हणालो, "बेल अजून वाजत नाय तुमची. अर्धं काम टाकून कुठं बसलात? या."