बैहरच्या चक्कीवरची चार्जिंग

निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना घडलेली ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. खुनाचे तपास केले, दरोडेखोर पकडले. पण गुन्हा नोंदवायला निघालेला हात ऐनवेळी थांबला, असं हे एकच प्रकरण.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही.

"साहेब, दवाखान्याच्या कामावरची ती बाई कंपनीच्या कार्डावर परक्याची गाडी चार्ज करून राह्यली. दर मंगळवारी."

बाई म्हणजे तिशीतली एक ड्रायव्हर. बैहरपलीकडच्या गावांतून रक्ताचे नमुने जिल्ह्याच्या दवाखान्यात आणायचं काम एका ठेकेदाराकडं होतं. त्याच्या ताफ्यातली इलेक्ट्रिक गाडी ती चालवायची. चार्जिंगचे पैसे भरायला ठेकेदारानं कार्ड दिलेलं.

मंगळवारी साध्या कपड्यातला हवालदार बालाघाटच्या चार्जिंग स्टेशनवर उभा केला. खबर पक्की निघाली. तिनं कार्ड टेकवलं आणि केबल एका खासगी पांढऱ्या गाडीला लावली. तिला ठाण्यात आणलं. मागोमाग ठेकेदाराचा मॅनेजर टाइप केलेली तक्रार घेऊन हजर. इतकी तयार तक्रार पाहून मला तिथंच शंका यायला हवी होती. आली नाही.

"कार्ड कोणाचं?" मी विचारलं.

"ठेकेदाराचं."

"आणि गाडी?"

"त्याची नाही."

"म्हणजे चोरी कबूल?"

"चोरी नाही साहेब. घेतलेलं परत करून राह्यली."

"कोणाला?"

महिला हवालदारानं समजावलं, "नाव सांगून टाक ना बाई, सुटशील."

"सांगितलं तर उद्या त्याच्या दारात पोलीस. मंग मी गाडीची वायर कुठं लावू? डोक्याले?"

महिला हवालदार हसली. मी मुन्शीला, ठाण्याच्या लेखनिकाला, गुन्हा लिहायला कागद काढायला सांगितलं. नोकरी जाणार, वर गुन्हा लागणार, हे बाईला दिसत होतं. खोटं बोलणारी माणसं सहसा भरपूर बोलतात. ही मोजकं बोलत होती आणि नजर खाली घालत नव्हती.

"उद्या बुधवार, आठवड्याची फेरी. माह्या गाडीत बसा साहेब. मंग लिहा काय लिहाचं ते."

"ये सब नाटक है साहब, एफआयआर लिखिए!" मॅनेजर ओरडला.

त्याची घाईच मला खटकली. मुन्शीला म्हटलं, थांब.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या रोजनामच्यात बाहेर जात असल्याची नोंद करून मी तिच्या शेजारी बसलो. निघताना बॅटरी पूर्ण होती. घाट चढताना आकडा भराभर उतरू लागला. मी घाम पुसत एसीकडं पाहिलं.

"लावते ना साहेब. पण येताना धक्का तुम्हाले माराचा आहे."

जंगलातली पाच गावं झाली. प्रत्येक ठिकाणी नमुने थंड पेटीत ठेवले. बैहरला परतलो तेव्हा पडद्यावर चौदा टक्के, आणि बालाघाट अख्ख्या घाटापलीकडं.

ठेकेदाराच्या यादीत बैहरला चार्जिंग स्टेशन होतं. शेरा 'चालू'. तिनं गाडी तिथं नेली. यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. विजेची जोडणीच नाही. ओट्यावर दोन शेळ्या बसल्या होत्या.

"हे आमचं स्टेशन," ती म्हणाली. "सध्या ह्या दोघी चार्ज होऊन राह्यल्या."

तिथून ती एका धानाच्या चक्कीवर गेली. म्हातारा मालक बाहेर आला.

"काहून वो माय, आज पोलीस आणला संगं?"

त्यानं वायर जोडली आणि काहीही न लपवता सांगितलं, "ठेकेदार रोख मानत नाही, माह्याजवळ पक्की पावती नाही. पोरीनं दोन महिने विजेचे पैसे आपल्या पगारातून भरले. मीच म्हटलं, रोवणीले कसं करतो? आज सारे मिळून तुह्या बांधीत धान लावतो, उद्या माह्या. माहा पुतण्या बालाघाटले राह्यते, त्याच्या गाडीले तेवढीच वीज दे."

भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. इथं घेतलेल्या विजेची रेघ, तिकडं परत केली की तिच्यावर आडवी काट. मी त्या मॅनेजरच्या तक्रारीला जोडलेल्या कार्डाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. कार्डावरची एकही नोंद रेघांपेक्षा जास्त निघाली नाही.

गाडी चार्ज व्हायला तीन तास लागले. तेवढ्यात मी दोन पंचनामे केले: एक भिंतीचा, एक शेळ्यांच्या स्टेशनचा.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला बोलावलं. "गुन्हा नोंदवतो. आधी तुमच्या बैहरच्या स्टेशनवर गाडी चार्ज करून दाखवा. पंच मी आणतो."

त्यानं टेबलावरची तक्रार स्वतःकडं ओढली. "शिकायत वापस ले लेते हैं साहब."

"घ्या. पण ते यंत्र चालू असल्याचा शेरा कोणी लिहिला, त्याचा जबाब देऊन जा."

जबाब घेतल्याशिवाय मी त्याला उठू दिलं नाही. बाईचा हेतू अप्रामाणिक नव्हता, असा अहवाल पंचनाम्यांसह वर पाठवला. बैहरला जोडणी होईपर्यंत चक्कीवाल्याची हातानं लिहिलेली पावती चालेल, असा आदेश जिल्ह्याच्या दवाखान्याकडून ठेकेदाराला निघाला. बाई कामावर राहिली.

नियम पाळायचं साधन ज्यानं द्यायचं तो देत नाही, आणि नियम मोडला म्हणून तोच ठाण्यात येतो. अशा तक्रारीपुढं वर्दीनं मान डोलवायची नसते. मी ती जवळजवळ डोलवली होती. मुन्शीच्या कागदावर बाईचं नाव लिहून झालं होतं. गुन्हा कोणी केला, हे विचारायला मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो. करणाऱ्याला दुसरा रस्ता कोणी ठेवला नाही, हे विचारायला मात्र शेवटचं वर्ष उजाडावं लागलं.